दोन फायरवॉलचा एक: भोसरी प्लँटच्या नोंदी

२७ ऑक्टोबर २०२५, सोमवार

दिवाळीनंतर प्लँट आज सुरू झाला आणि साडेआठलाच पहिला फोन, डिस्पॅचच्या नव्या लॅपटॉपला आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) मिळत नाही. मग स्टोअर, मग क्वालिटी, मग निम्म्या ऑफिसचे मोबाइल. बोनसमधून सगळ्यांनी नवे फोन घेतलेत आणि जुन्या फोनला वायफाय बरोबर चालतंय म्हटल्यावर मी अर्धा तास अ‍ॅक्सेस पॉइंटच्याच मागे लागलो होतो.

शेवटी फायरवॉलवर (ऑफिस आणि इंटरनेट यांच्यामधला बॉक्स) डीएचसीपीचा, म्हणजे आयपी वाटणाऱ्या सेवेचा, लॉग उघडला तर ओळीमागून ओळ एकच, 'पीअर होल्ड्स ऑल फ्री लीजेस'. म्हणजे मोकळे आयपी आहेत पण ते दुसऱ्या फायरवॉलच्या वाट्याचे आहेत. आमच्याकडे पीएफसेन्स या फायरवॉल सॉफ्टवेअरच्या बॉक्सची जोडी आहे, २.७.२, प्रायमरी म्हणजे मुख्य आणि सेकंडरी म्हणजे राखीव, आणि डीएचसीपी अजून आयएससी या जुन्या प्रोग्रामवरच चालतो. त्याचं फेलओव्हर (एक पडला तर दुसऱ्याने सांभाळायची सोय) असं की मोकळे पत्ते दोघं साधारण अर्धे अर्धे वाटून घेतात, आणि एकमेकांशी बोलणं तुटलं तर जुन्या गिऱ्हाइकाला, म्हणजे आधी पत्ता घेतलेल्या उपकरणाला, त्याचा पत्ता परत मिळतो पण नव्याला फक्त स्वतःच्या वाट्यातलाच देता येतो. पत्त्याचा शेवटचा आकडा .१०० ते .१९९ अशी शंभराची पूल, त्यातले प्रायमरीच्या वाट्याचे संपले की खेळ खल्लास.

सर्व्हर रूममधे गेलो. सेकंडरीचा दिवा हिरवा, पंखा चालू, बघणाऱ्याला वाटेल सगळं आलबेल आहे. मॉनिटर लावला तर माउंटरूटच्या प्रॉम्प्टवर बसलेली, डिस्क सापडत नाही म्हणून. कधीपासून ते देवाला माहीत. झाकण उघडलं तर पंख्याच्या जाळीत खंडेनवमीच्या हारातली झेंडूची वाळकी पाकळी अडकलेली, हळदकुंकू अजून झाकणावर. पूजा दोघींची झाली, तपासणी एकीचीही नाही.

तात्पुरतं काम: प्रायमरीच्या डीएचसीपी सेटिंगमधून फेलओव्हर पीअरचा आयपी काढला, सर्व्हिस रीस्टार्ट केली, पाच मिनिटांत सगळ्यांचे फोन लागले. सेकंडरी मेल्याचा अलर्ट मला का आला नाही हे नंतर बघायचंय.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

शेठशी बोललो. "अहो, दोन घेतल्या होत्या ना आपण? एक गेली तर दुसरी चालू राहील म्हणून?" म्हटलं, साहेब, राहिलीच की चालू, तुम्हाला कळलं तरी का. तर म्हणे, मग एकच ठेवा, दुसरीवर परत खर्च कशाला. वर एक गोष्ट जोडून दिली, नव्या ईआरपीवाल्याला (कंपनीच्या सगळ्या कारभाराचं सॉफ्टवेअर) स्वतंत्र पब्लिक आयपी हवाय तो बघा.

इथे गंमत आहे. आमच्या लीज्ड लाइनवर /२९ आहे, म्हणजे वापरता येणारे पत्ते सहा. खरे पत्ते इथे लिहित नाही, नमुन्यादाखल २०३.०.११३.० समजा. .१ प्रोव्हायडरचा गेटवे (बाहेर जायचं दार), .२ प्रायमरी, .३ सेकंडरी, .४ दोघींचा सामायिक व्हर्च्युअल आयपी (जी चालू असेल तिच्याकडे राहणारा), .५ मेल, .६ सीसीटीव्ही. संपले. जोडी चालवायची तर एका पत्त्याच्या कामाला तीन पत्ते जातात, हे २०१९ साली मला फार श्रीमंती थाटाचं वाटलं होतं.

सोपा मार्ग खरं तर होता. सेकंडरीची वायर काढायची, सिंक (एकीची सेटिंग दुसरीवर उतरवणं) बंद करायचं, डीएचसीपीचं फेलओव्हर काल काढलंच आहे, आणि व्हर्च्युअल आयपी जसेच्या तसे ठेवायचे. एकटी प्रायमरी आयुष्यभर मास्टर म्हणून बसून राहते, काही बिघडत नाही. ईआरपीसाठी .३ तर तसाही मोकळा झाला असता. पण मग चार वर्षांनी येणारा माणूस हे बघून डोकं खाजवणार की जोडीदार कुठे आहे, आणि तो माणूस बहुतेक मीच असणार. पूर्ण मोडायचं ठरवलं.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

मोडायच्या आधी जोडी कुठल्या अवस्थेत होती ते बघितलं आणि लाज वाटली. सेकंडरीची जुनी डिस्क यूएसबीला लावली, तीन-चार वेळा काढघाल केल्यावर वाचता आली, तिच्यातली कॉन्फिग (सगळ्या सेटिंगची फाइल) १४ महिने जुनी. म्हणजे डिस्क मरायच्या कितीतरी आधी सिंक मेलं होतं. कारण माझंच. मी प्रायमरीवर अ‍ॅडमिनचा पासवर्ड बदलला, तो बदल इमानदारीत सेकंडरीवर गेला, आणि सिंकच्या पानावर दुसरीकडे लॉगिन करायला जो पासवर्ड भरलेला असतो तो जुनाच राहिला. त्या क्षणापासून प्रत्येक सेव्हला वर घंटीत एरर येत होती आणि मी ती न वाचता पुसत होतो. मधल्या काळात प्रायमरी गेली असती तर १४ महिन्यांत जोडलेले सगळे व्हीपीएन (बाहेरून सुरक्षितपणे आत यायची वाट) युजर बाहेर राहिले असते, ज्यांना काढलं ते मात्र आत.

आणि दोन्ही बॉक्स एकाच रॅकमधे, एकाच यूपीएसवर, एकाच स्विचला, बाहेर जायला लाइन एकच. सहा वर्षांत यूपीएस दोनदा बसला, लाइन तर विचारूच नका, रस्ता खोदला की गेली. बॉक्स एकदाही गेला नव्हता. ज्याची दुसरी घेतली तेच कधी पडलं नाही.

४ नोव्हेंबर, मंगळवार

कॉन्फिगची एक्सएमएल फाइल उतरवून एडिटरमधे घेतली. स्क्रीनवर एकेक बदल करत बसलो तर मधेच स्वतःचाच पाय कापायची भीती, कारण लॅनचा (ऑफिसच्या आतल्या नेटवर्कचा) .१ हा व्हर्च्युअल आहे, तो पुसल्याशिवाय इंटरफेसला (फायरवॉलच्या नेटवर्क पोर्टला) .१ देता येत नाही, आणि पुसला की तेवढा वेळ सगळ्या ऑफिसचा गेटवे गायब. त्यापेक्षा फाइल आधीच बदलून ठेवायची, एकदाच रिस्टोअर, एकदाच रीबूट.

मुख्य निर्णय असा: जे पत्ते जगाला माहीत आहेत ते हलवायचे नाहीत. लॅनवर सगळ्यांचा गेटवे १९२.१६८.१०.१ आहे, तो तोच राहणार, फक्त आता तो इंटरफेसचा स्वतःचा होणार. बाहेर .४ तसाच, कारण दोन कस्टमरच्या फायरवॉलमधे आमचा .४ लिहिलेला आहे आणि त्यांच्या आयटीकडून एक ओळ बदलून घ्यायला तीन आठवडे आणि चार फॉर्म लागतात. आतले .२ आणि .३ मरणार, बाहेरचे .२ आणि .३ मोकळे होणार.

मग शोधाशोध. मी भाबडेपणाने फाइलमधे .४ शोधत होतो, आउटबाउंड नॅटमधे (आतले पत्ते बाहेर जाताना बदलणारे नियम) सापडला, पोर्ट फॉरवर्डमधे (बाहेरून आलेलं आत पोचवणारे नियम) सापडला, वाटलं झालं. झालं नव्हतं. ओपनव्हीपीएन सर्व्हर, आयपीसेक (दोन्ही व्हीपीएनचेच प्रकार), डीएनएस रिझॉल्व्हर (नावावरून पत्ता शोधणारा), हे लोक व्हर्च्युअल आयपीला पत्त्याने ओळखत नाहीत, अंडरस्कोर व्हीआयपी आणि पुढे एक लांबलचक अक्षरांची शेपटी अशा खुणेने ओळखतात. ती खूण शोधल्यावर अजून सात जागा निघाल्या. त्यातल्या दोन माझ्या स्वप्नातही नव्हत्या: .५ आणि .६ हे आयपी अलायस (जादाचे पत्ते) वॅनवर, म्हणजे बाहेरच्या लाइनच्या इंटरफेसवर, नाही, .४ च्या कार्प व्हीआयपीवर (कार्प म्हणजे जोडीत व्हर्च्युअल आयपी सांभाळणारा प्रोटोकॉल) बसवलेले होते. बरोबरच होतं ते तेव्हा, म्हणजे फेलओव्हर झाला की तिन्ही पत्ते एकत्र हलायचे. आता .४ काढला की हे दोघं हवेत लटकणार. दोघांना वॅनवर उतरवलं.

घरी व्हर्च्युअल मशीनमधे ही फाइल चढवून बघितली. इंटरफेसची नावं जुळत नाहीत म्हणून त्याने परत विचारली, ते ठीक. पण ओपनव्हीपीएन उठेना. आठवी जागा होती, जुना टेस्ट सर्व्हर, कधीचा बंद ठेवलाय म्हणून मी सोडून दिला होता आणि तो बंद नव्हताच. उडवला.

सिंकसाठी दोन बॉक्सच्या मधे जी थेट केबल होती तिचा इंटरफेस, त्यावरचा रूल, पीएफसिंकची (चालू जोडण्या दुसरीला कळवायची) टिक, सगळं काढलं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

भोसरीत गुरुवारी साप्ताहिक सुट्टी, म्हणून आजचा दिवस. नुसतं लोक नसतात म्हणून नाही, मशीनी बंद असतात म्हणून. व्हर्च्युअल आयपीचा मॅक (नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक) वेगळा असतो, ००:००:५ई:००:०१ आणि शेवटी ग्रुपचा नंबर, आता .१ कार्डाच्या खऱ्या मॅकवर जाणार. विंडोजवाले काही सेकंदांत जुळवून घेतात पण आमच्याकडे दोन सीएनसीचे पॅनल आहेत त्यांना एकदा गेटवेचा मॅक पाठ झाला की वीज जाईपर्यंत विसरत नाहीत. उद्या सकाळी चालू होतील तेव्हा नव्याने विचारतील.

९:३० ला सेकंडरीच्या सगळ्या केबल काढल्या, पॉवरची पण, आणि बॉक्सच रॅकमधून बाहेर काढून टेबलावर ठेवला. गुरुवारी इलेक्ट्रिशियन काका मेंटेनन्सला येतात आणि सुटलेली वायर दिसली की खोचतात, प्रेमाने खोचतात.

९:५२ रिस्टोअर, रीबूट. लॅन लगेच आली, .१ ला पिंग जातंय, स्क्रीन उघडतेय. वॅन लाल. गेटवे डाउन.

केबल बघितली, पोर्ट बघितला, फाइलमधला सबनेट मास्क तीनदा वाचला, बरोबर. मग टीसीपीडम्प (नेटवर्कवरची ये-जा दाखवणारं साधन) लावला, मॅक पण दिसतील असा. आणि तिथे कळलं. आमचं पिंग बाहेर जातंय, उत्तर परत *येतंय*, पण त्या उत्तरावर पत्ता जुना, ००:००:५ई:००:०१:०ई. म्हणजे पोस्टमन चिठ्ठी घेऊन दारात उभा आहे आणि पाटीवरचं नाव बदललं म्हणून घरातला कोणी ती घेत नाही. बॉक्स उठताना स्वतःच ओरडून सांगतो की .४ आता माझ्या मॅकवर आहे, पलीकडच्याने ते कानाआड केलं.

प्रोव्हायडरच्या नॉकला (नेटवर्क सांभाळणाऱ्या कक्षाला) फोन. पंधरा मिनिटं संगीत, मग एक मुलगा आला, बिचारा नम्र होता, म्हणे सर तुमच्या लाइनला मॅक बाइंडिंग आहे (म्हणजे पत्ता ठरावीक मॅकलाच बांधलेला), रजिस्टर्ड मेल आयडीवरून मेल टाका, बॅकएंड टीम सोमवारी करेल. रजिस्टर्ड मेल आयडी शेठचा. शेठ गावी.

तेव्हा डोकं चाललं. पलीकडचा मॅक बदलत नाही ना, मग आपलाच बदलू. वॅन इंटरफेसच्या पानावर मॅक हाताने भरायची जागा असते. कार्पचा ग्रुप नंबर १४ होता, म्हणून शेवटी :१४ भरलं, अप्लाय केलं. लाल. परत भरलं. लाल. वीस मिनिटं मी त्या चौकोनाकडे बघत होतो आणि वर टीसीपीडम्पच्या खिडकीत :०ई, :०ई, :०ई असं ओळीने उतरत होतं. १४ हेक्समधे (सोळाच्या मोजणीत) ०ई. कॉलेजात हे पाठ होतं.

:०ई भरलं, ११:४० ला वॅन हिरवी. .५ आणि .६ सुद्धा त्याच झटक्यात आले, कारण तेही .४ वर बसलेले असल्याने त्यांचंही बाइंडिंग त्याच मॅकला होतं. आयपीसेकचे दोन्ही टनेल आपोआप उभे राहिले, कस्टमरला पत्ताही लागला नाही.

जाता जाता, हा १४ आला कुठून ते आठवलं. कार्प ओपनबीएसडी या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमवाल्यांनी २००४ साली ३.५ मधे आणलं, व्हीआरआरपी या तशाच कामाच्या प्रोटोकॉलवरच्या सिस्कोच्या पेटंटला कंटाळून, आणि आयपी प्रोटोकॉल नंबर ११२ हा व्हीआरआरपीचाच वापरला, मॅकची रांगही तीच. त्यामुळे पलीकडे प्रोव्हायडरचं व्हीआरआरपी एक नंबरने चालू असलं आणि आपणही एक दिला तर दोघं एकमेकांच्या अंगावर येऊ शकतात. म्हणून मी तेव्हा मुद्दाम आडवातिडवा आकडा घेतला होता. हुशारी कधी कशी वसूल होईल सांगता येत नाही.

दीड वाजता काकांबरोबर टपरीवर चहा. विचारलं त्यांनी, टेबलावर काढून ठेवलेल्या त्या बॉक्सला वायर का नाही. बघा.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

मशीनी चालू झाल्या, दोन्ही सीएनसी पॅनल सर्व्हरवरून प्रोग्राम ओढतायत. फोन एकही नाही. इतकी शांतता की मीच दोनदा जाऊन विचारलं, चाललंय ना?

१० नोव्हेंबर, सोमवार

शांतता संपली. एचआर मॅडमचा फोन, "सर, शुक्रवारपासून कंपनीत कोणीच आलेलं नाही." पगाराच्या सॉफ्टवेअरमधे तेव्हापासून झाडून सगळे गैरहजर, शेठ धरून.

हजेरीचं अंगठ्याचं मशीन गेटवर आहे, ते दर काही मिनिटांनी पंच बाहेर क्लाउडला पाठवतं. रूल बघितले, ठीक. लॉग बघितला, ब्लॉक काहीच नाही. स्टेट टेबलमधे (चालू जोडण्यांच्या यादीत) त्या मशीनचा आयपी शोधला तर एकही नोंद नाही. ब्लॉक होत नाहीये, ते फायरवॉलपर्यंत येतच नाहीये. आणि मशीनला लॅनवरून पिंग मात्र चोख जातंय.

शेवटी गेटवर गेलो, वॉचमनच्या खुर्चीवर चढून मशीन भिंतीवरून उतरवलं. मागे पांढरा स्टिकर, निळ्या शाईत: आयपी .२४०, गेटवे .२. अक्षर माझं. २०१९ मधे हे मशीन बसवलं तेव्हा जोडी अजून अर्धवट होती, .१ उभा राहिला नव्हता, म्हणून "आत्तापुरता" प्रायमरीचा खरा आयपी टाकला होता. सहा वर्षं चाललं कारण प्रायमरी कधी पडलीच नाही. पडली असती तर दुसरी जागी झाली असती, सगळ्या ऑफिसने कामं केली असती आणि हजेरी तेवढी बंद पडली असती, आणि मला तेव्हाही कळलं नसतं का ते.

गेटवे .१ केला. मशीनने साठवलेले सगळे पंच अर्ध्या तासात वर गेले. मॅडमना म्हटलं, आले सगळे कामावर.

सोप्पा जुगाड म्हणजे फायरवॉलच्या लॅनवर .२ अलायस म्हणून टाकून द्यायचा आणि विसरून जायचं. मोह झाला. पण मग ही पिलावळ कधीच बाहेर येणार नाही. उलट आतले .२ आणि .३ रिकामेच ठेवून, त्यांचा मॅक कोण विचारतंय ते रात्रभर टीसीपीडम्पवर ऐकत बसायचं ठरवलं. ज्याला मेलेल्याचा पत्ता हवाय तो हाक मारणारच.

११ नोव्हेंबर, मंगळवार

रात्रीत तीन जण हाक मारताना सापडले.

.२ ला लेबल प्रिंटर (गेटवे तोच जुना, पण त्याला बाहेर जायचंच नसतं म्हणून चाललं होतं) आणि सीसीटीव्हीचा एनव्हीआर (रेकॉर्डर), तो वेळ जुळवायला .२ ला विचारत होता. त्याचं घड्याळ अजून फारसं हललेलं नव्हतं. पुढेमागे चोरी झाली असती आणि फुटेजवर वेळ चुकीची निघाली असती तर किती भांडणं. दोन्ही बदलले.

तिसरा .३ ला शोधतोय, आणि तोही घड्याळ लावल्यासारखा दर मिनिटाला. विचारणारा .५०. तो आता कोणाचा आहे हे आठवेना, डीएचसीपीच्या लीजमधे नाही, म्हणजे स्टॅटिक (हाताने दिलेला). स्विचवर मॅक शोधत गेलो, पोर्ट १७. उद्या केबल धरून बघतो.

आजच प्रोव्हायडरला शेठच्या मेलवरून मेल गेला. खरा मॅक बांधून घ्यायचा असं आधी मनात होतं, मग विचार बदलला. सेकंडरीत नवीन १२८ जीबीचा एसएसडी टाकलाय, हार्डवेअर प्रायमरीसारखंच आहे, म्हणजे हीच फाइल तिच्यावर तशीच्या तशी चढते. ती वायर न लावता कपाटात राहील. प्रायमरी गेली तर काढायची, त्याच केबल लावायच्या, चालू. पण खरा मॅक बांधला तर त्या दिवशी परत नॉकचं संगीत ऐकावं लागेल. :०ई फाइलमधेच लिहिलेला आहे, बॉक्स कुठलाही असो, मॅक तोच राहील. नियमात बसणारं काम नाही हे, ती रांग व्हीआरआरपीची. तरी ठेवलं, आणि वर्णनाच्या रकान्यात का ठेवलं ते पूर्ण लिहिलं. मेलमधे फक्त एवढंच मागितलं की बाहेरचा .२ पण याच मॅकला बांधा, तो ईआरपीला द्यायचाय.

शेठना कपाटातल्या बॉक्सचं सांगितलं. "म्हणजे परत दोनच झाल्या की." हो, पण एक झोपलेली.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

बाहेरच्या .२ चं बाइंडिंग काल झालं, ईआरपीला वन टू वन नॅट (बाहेरचा एक पत्ता थेट आतल्या एका मशीनला) लावून दिलं, त्यांच्या माणसाने बाहेरून उघडून बघितलं.

मग पोर्ट १७ ची केबल धरून चालत गेलो. फॉल्स सीलिंगमधून खाली उतरून ती माझ्याच केबिनमधे आली, माझ्याच टेबलाखाली, जुन्या काळ्या डेस्कटॉपला, ज्यावर मी पाय ठेवून बसतो. मॉनिटर लावून उघडला. २०१९ ची माझी स्क्रिप्ट, दर मिनिटाला .३ ला पिंग करते आणि उत्तर नाही आलं तर मेल टाकते. लॉगमधे पहिला 'उत्तर नाही' २ सप्टेंबरचा, रात्री सव्वातीनचा. तेव्हापासून रोज सकाळी सहाला न चुकता एक मेल गेलेला आहे, सेकंडरी डाउन, सेकंडरी डाउन. पाठवायचा पत्ता आमच्या आधीच्या नेटवर्कवाल्याचा, तो २०२१ मधे नोकरी सोडून गेला.

मेल सर्व्हरवर त्याचा बॉक्स अजून होता. ७३ न वाचलेले.

स्क्रिप्टमधून .३ काढला, .१ टाकला, पत्ता माझा टाकला. मग प्रायमरीची लॅन केबल उपटून तीन मिनिटं थांबलो, मोबाइलवर मेल येईपर्यंत.